पाटी, पॉट आणि कान

दगडी पाटीवर पेन्सिल जरा उभी धरून ओढली की निघणारी किंचाळी महाराष्ट्रातल्या किमान दोन पिढ्यांच्या कानात अजून असेल. शाळेत ती चूक मानली जायची. पेन्सिल तिरकी धर, असं लगेच सांगितलं जायचं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत आणि ॲपलाचियन डोंगरांत मात्र कारागिरांनी नेमक्या त्याच किंचाळीला वळण लावलं. दगडाची पातळ चकती, तिच्याखाली लाकडाची उथळ वाटी आणि चकतीवर घासायची एक लाकडी दांडी, एवढ्याच सामानातून त्यांनी रानटर्कीच्या मादीचा आवाज काढला. या वाटीला तिकडे पॉट म्हणतात, दांडीला स्ट्रायकर आणि दोन्ही मिळून झालेल्या वस्तूला पॉट कॉल. कॅरमच्या स्ट्रायकरशी या दांडीचा संबंध नाही; ती लेखणीसारखी बोटांत धरायची असते. कॉल हा शब्द मी तसाच ठेवला आहे. शिकारीच्या जुन्या मराठीत हाका आणि हाकारे हे शब्द आहेत, पण ते जनावराला घाबरवून पुढे पळवण्याचे. इथे काम उलटं आहे, पक्ष्याला जवळ बोलवायचं आहे. साद हा शब्द अर्थाने जुळतो, पण लेथवर बसवलेल्या लाकडाच्या ठोकळ्याला साद म्हणणं जड जातं.

टर्की हा अमेरिकेचा पक्षी असला तरी आपल्या किनाऱ्याला तो अगदीच अनोळखी नाही. 1612च्या सुमारास मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे नवलाईचे प्राणी नेले, त्यांत एक टर्की होता. त्याच्या डोक्याचे आणि मानेचे रंग सरड्यासारखे बदलतात, अशी नोंद बादशहाने करून ठेवली आणि उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो पाळीव पक्षी होता. अमेरिकेच्या जंगलातला त्याचा भाऊबंद अंगाने सडपातळ, नजरेने तीक्ष्ण आणि कमालीचा सावध असतो. वसंतात दिवस मोठा होऊ लागला की नर घुमतो आणि माद्या त्याच्याकडे जातात, हा त्यांचा रिवाज. कॉल वाजवणारा माणूस याच्या उलट मागणी करतो: मी इथे आहे, तू ये. पक्ष्याच्या स्वभावाविरुद्धची ही मागणी मान्य व्हायची, तर आवाजात खोट चालत नाही. मादीच्या साध्या हाकेत प्रत्येक स्वर वरच्या, स्वच्छ सुरात सुरू होतो आणि क्षणात खालच्या, खरखरीत सुरात घरंगळतो. असे चार-सहा स्वर एका लयीत येतात. एकसुरी किंचाळी कुठलीही पाटी काढेल. ही घरंगळ मिळवायची तर पाटीखाली काय आहे ते महत्त्वाचं ठरतं, आणि हे पुस्तक त्याबद्दलच आहे.

लेथवर नुकताच हात बसू लागलेला माणूस या कामाकडे वळला की त्याचा पहिला प्रश्न लाकडाचा असतो. अक्रोड घेऊ की चेरी? मेपलचा आवाज पातळ येतो का? कोकोबोलो परवडत नाही, मग कॉल चांगला होईल का? माझं म्हणणं असं की हा प्रश्न पहिला नाही, दुसराही नाही. पॉट कॉलचा आवाज प्रामुख्याने ठरतो तो मापांवर आणि सांध्यांवर, आणि त्या मापांची शेवटची परीक्षा कान घेतो. लाकडाच्या जातीचा क्रम त्यानंतर. नवशिक्याने पैसे आणि उमेद लाकडाच्या दुकानात खर्च केली, तर जिथे खरं शिकायचं आहे तिथे पोहोचेपर्यंत त्याच्याकडे दोन्ही उरत नाहीत.

आवाज तयार कसा होतो हे पाहिलं की यामागचं कारण समजतं. स्ट्रायकरचं टोक चकतीवर सलग घसरत नाही. ते क्षणभर चिकटतं, ताण वाढला की सुटतं, पुन्हा चिकटतं. सेकंदाला शेकडो वेळा असं होतं. सारंगीच्या तारेवर राळ लावलेला गज हेच करतो. या धक्क्यांनी चकती थरथरते आणि तिच्याखालची बंद हवा त्या थरथरीतले काही सूर उचलून मोठे करते. चकती जाड तर सूर चढा, व्यास मोठा तर सूर खाली. पोकळी मोठी केली की हवेचा सूर उतरतो, बुडाची भोकं मोठी केली की चढतो. पोकळीत मधोमध एक छोटा ओटा सोडलेला असतो आणि त्यावर काचेची किंवा दगडाची दुसरी चकती बसते, ती साउंडबोर्ड. वरची चकती आणि साउंडबोर्ड यांच्यामधलं अंतर सहसा पाच-सहा मिलिमीटरच्या आसपास असतं. त्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी आवाज बदललेला कानाला कळतो. काठाजवळ घासलं तर सूर वरचा, मध्याकडे सरकलं तर खालचा. मादीच्या हाकेतली घरंगळ हात याच वाटेने काढतो. या सगळ्या यादीत लाकडाच्या जातीचं नाव अजून आलेलं नाही.

सांध्याची गोष्ट मापांहूनही नाजूक आहे, आणि नवशिक्यांचे बहुतेक पॉट इथेच मुके होतात. वरची चकती, व्यास साधारण 89 मिलिमीटर म्हणजे साडेतीन इंच, पॉटच्या आतल्या काठावर कातलेल्या एका अरुंद पायरीवर टेकते. पायरी रुंद झाली की चकतीचा थरथरायला मोकळा असलेला भाग आक्रसतो आणि आवाज दबतो. पायरी एका बाजूला केसभर उंच राहिली, तर चकती तीन ठिकाणी टेकते, चौथ्या ठिकाणी नाही, आणि ऐन वाजवताना तिथून भणभण येते. साउंडबोर्डने फक्त ओट्याला शिवायचं असतं. त्याची कड पॉटच्या भिंतीला जरा जरी लागली, तरी त्याचं काम थांबतं. गोंद जास्त झाला आणि आत ओघळला तर तोही आवाज खातो. शिवाय लाकूड जिवंत असल्यासारखं वागतं. फळीतून आडवा कापलेला गोल हवेतला ओलावा घेऊन तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो, उभ्या दिशेने जवळजवळ नाही, म्हणून पावसाळ्यात पॉट किंचित लंबगोल होतो. दगड आणि काच तसे होत नाहीत. म्हणून चकतीभोवती कागदाच्या जाडीइतकी फट ठेवायची आणि सुकल्यावर थोडा लवचीक राहणारा गोंद वापरायचा. कोकणातल्या दमट हवेत हे काम करणाऱ्याने तर आधी खडबडीत कातलेले पॉट काही आठवडे घरात ठेवून मगच शेवटचं माप काढावं. ही सगळी शिस्त बाभळीच्या पॉटला लागते तशीच अक्रोडाच्या पॉटलाही.

यावर कोणी म्हणेल, वाद्यांच्या दुनियेत लाकडाला इतकं मानतात ते उगाच का? या प्रश्नावर गिटारच्या बाबतीत झालेला एक प्रयोग उपयोगी पडतो. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये तो प्रसिद्ध केला. एकाच कारागिराकडून सहा गिटार करून घेतल्या. रचना तीच, फक्त पाठ आणि कडा वेगवेगळ्या लाकडांच्या. त्यांत ब्राझिलियन रोजवूड होतं, महोगनी होतं, मेपल, सपेली, अक्रोड होतं आणि आपली शिसवीही होती. 52 वादकांनी मंद उजेडात, वेल्डरचे काळे चष्मे लावून त्या वाजवल्या. त्यांनी दिलेले गुण एकमेकांच्या फार जवळ निघाले आणि कुठलं लाकूड कुठलं हे त्यांना खात्रीने ओळखता आलं नाही. गिटारची पाठ आणि पॉटची वाटी एक नव्हेत, हे मान्य. पण दोन्हींचं काम सारखं आहे: थरथरणाऱ्या पृष्ठाखाली हवा धरून ठेवणं. ज्या वाद्यात लाकडाचा बोलबाला सर्वांत जास्त, तिथेच माप कायम ठेवल्यावर जातीचा फरक इतका विरघळतो, तर बोटभर खोलीच्या वाटीत तो आवाजाचा कणा असेल हे मानायला मी तयार नाही.

जुन्या कारागिरांचा अनुभव मात्र मी झटकून टाकत नाही. हेन्री गिब्सनने 1897 मध्ये आर्कान्सामधून बॉक्स कॉलचं पेटंट घेतलं. तो लेथवरचा नव्हे, पेटीसारखा कॉल, झाकण कडेवर घासून वाजवायचा. तेव्हापासून आजपर्यंत शेकडो हातांनी हे काम केलं आहे, आणि त्यांतले अनेक जण एखाद्या लाकडाची शपथ घेतात. त्यांना फरक ऐकू येतो तो खराच असेल, पण तो जातीचा असतो का, हे पाहायला हवं. एकाच झाडाच्या बुंध्याचं आणि फांदीचं लाकूड वजनाला वेगळं असतं. जड लाकडाची भिंत कारागीर नकळत पातळ कातत असेल. चांगलं लाकूड हाती आलं की कापही अधिक जपून होतो. फरकाचं श्रेय यांतल्या कुणाला द्यायचं, हे एकेक गोष्ट बदलून पाहिल्याखेरीज ठरत नाही. एका ठिकाणी मात्र जातीचं महत्त्व मी पूर्ण मान्य करतो, आणि ते ठिकाण स्ट्रायकर आहे. तिथे लाकूड स्वतः घासतं. घट्ट, जड पर्पलहार्टचं टोक काचेवर तीक्ष्ण बोलतं, हिकरीचं टोक दगडावर मऊ आणि खरखरीत. दांडी आखूड केली की सूर चढतो. एकाच पॉटवर तीन जातींचे तीन स्ट्रायकर फिरवले तर तीन वेगळ्या माद्या बोलल्यासारखं वाटतं. म्हणून लाकडाची हौस ज्याला भागवायची आहे त्याने ती दांडीत भागवावी. तिथे लाकूड थोडं लागतं आणि फरक खरा पडतो.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. लाकूड इतकं दुय्यम असेल, तर प्लास्टिकचे साच्यातले पॉट वाईट काय? वाईट नाहीत. ते बाजारात आहेत, टिकतात, पावसात भिजून फुगत नाहीत आणि पक्षी त्यांनाही उत्तर देतो. फक्त कॉल हवा असेल, त्याने तो विकत घ्यावा आणि हे पुस्तक मिटून ठेवावं. हे पुस्तक लेथ शिकू पाहणाऱ्यासाठी आहे, आणि त्याच्यासाठी यापेक्षा चांगला पहिला धडा मला दिसत नाही. कातकामाचे मूळ प्रकार दोन. लाटण्यात लाकडाचे तंतू लेथच्या आसाच्या दिशेने धावतात. वाटीत किंवा पोळपाटात ते आसाला आडवे असतात. हत्यार लावण्याची दिशा, काप घेण्याची रीत, अडकण्याची भीती, सगळं या दोहोंत वेगळं. स्ट्रायकर म्हणजे बारीक लाटणं आणि पॉट म्हणजे उथळ वाटी. एका तळहातावर मावणाऱ्या वस्तूत दोन्ही विद्या येतात. सावंतवाडीत लाखेची फळं आणि खेळणी कातणारे कारागीर या दोन्हींत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहेत, पण त्यांच्या कामाची परीक्षा डोळा घेतो. आंबा थोडा लांबट झाला तरी आंबाच असतो. पॉटला ती सवलत नाही. पायरी अर्धा मिलिमीटर चुकली तर रंधा, पॉलिश पेपर, लाख, कशानेही ते झाकता येत नाही, वाजवल्याबरोबर कळतं. नवशिक्याला इतका स्पष्ट आणि इतका पटकन निकाल देणारं दुसरं काम लेथवर क्वचितच सापडेल.

मग सगळी मापं छापून द्या, म्हणजे झालं, असंही म्हणता येईल. पुढच्या प्रकरणांत मापं दिली आहेत, आकृत्याही आहेत, आणि पहिला पॉट त्यांबरहुकूमच करावा. पण दगडाची प्रत्येक चकती वेगळी असते. पेनसिल्व्हेनियाच्या खाणीतली स्लेट आणि आंध्रातल्या मार्कापूरची पाटी एकाच जाडीच्या असल्या तरी एकसारख्या वाजत नाहीत. छापील माप त्यामुळे फक्त दारापर्यंत नेतं. पुढची वाट कानाची, आणि कान तयार करायचा तर मूळ पक्षी ऐकायला हवा. कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले संग्रहात रानटर्कीची ध्वनिमुद्रणं आहेत. न्यू जर्सीसारख्या राज्यात राहणाऱ्या मराठी घरांना तर तो पक्षी घरामागच्या झाडीतही भेटतो. लाकडाला हत्यार लावण्याआधी आठवडाभर फक्त ऐकावं. ज्याला मादीचा स्वर कुठे मोडतो ते कळत नाही, त्याला आपला पॉट कुठे चुकला हेही कळणार नाही.

शिकारीचा प्रश्न टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. हे शिकाऱ्याचं साधन आहे. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांच्या शिकारीला बंदी आहे, ती योग्य आहे, आणि इथल्या रानात कुठल्याही पक्ष्याला फसवून जवळ आणायला या विद्येचा वापर होऊ नये. विणीच्या काळात पक्षिनिरीक्षकानेही नक्कल करून पक्ष्याला छळू नये. अमेरिकेतली गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. 20व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे रानटर्की कित्येक राज्यांतून नाहीसा झाला होता. 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या पुनर्वसनाकडे वळवला. पाळलेले पक्षी सोडण्याचे प्रयत्न फसले. 1951 मध्ये साउथ कॅरोलायनात तोफेने उडवायच्या जाळ्यातून रानातलेच पक्षी धरता येऊ लागले आणि ते रिकाम्या जंगलांत नेऊन सोडले गेले. 1973 मध्ये राष्ट्रीय रानटर्की महासंघ उभा राहिला. पुढे संख्या साठ लाखांवर गेली. बहुतेक राज्यांत वसंतातल्या हंगामात छातीवर दाढी असलेला पक्षीच, म्हणजे जवळजवळ नेहमी नरच, मारता येतो. जो पक्षी शिकारीने संपवत आणला, त्याच्या परतण्याचा खर्च मोठ्या प्रमाणात शिकाऱ्यांच्या खिशातून निघाला, हे सत्य मला नाकारता येत नाही. तरीही ज्याचं मन यात रमत नाही, त्याने मोकळ्या मनाने पॉट हे वाद्य म्हणून करावं. महासंघाच्या अधिवेशनात कॉल वाजवण्याच्या आणि कॉल घडवण्याच्या स्पर्धा होतात, आणि तिथे पक्षी कुणी मारत नाही.

श्वासाने वाजणाऱ्या ट्रंपेट कॉलचं प्रकरण पुस्तकाच्या शेवटी आहे. टर्कीच्या पंखाच्या हाडांपासून केलेल्या फार जुन्या कॉलचा तो लेथवरचा वारस. 1914 मध्ये एडवर्ड मॅकिलेनीने चार्ल्स जॉर्डनच्या टिपणांवरून सिद्ध केलेल्या रानटर्कीवरील पुस्तकामुळे जॉर्डनच्या यल्परचं, म्हणजे याच प्रकारच्या कॉलचं, नाव टिकून राहिलं. तोंडात हवा ओढून वाजवायचा हा कॉल करायला अवघड आणि वाजवायला त्याहून अवघड. पॉट नीट बोलू लागेपर्यंत त्याला हात लावू नये.

सुरक्षेबद्दल थोडकंच सांगतो, पण ते वगळून कुणी पुढे जाऊ नये. लेथवर हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस चालत नाहीत. पूर्ण चेहरा झाकणारी काच हवी. ठोकळा गोल होईपर्यंत गती कमी ठेवावी. कोकोबोलो आणि शिसवी एकाच डालबर्जिया प्रजातीतले. त्यांचा भुगा, विशेषतः कोकोबोलोचा, कातडीला आणि फुफ्फुसांना बाधतो, तेव्हा नाकावर चांगला मास्क लावल्याशिवाय ती लाकडं घासू नयेत. या संपूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून सायटिस कराराचं नियंत्रण आहे. महागड्या लाकडाच्या मागे न लागण्याचं हेही एक कारण.

वाचकाला माझी विनंती एवढीच आहे. पहिले पाच पॉट एकाच फळीतून काढा, जी सहज मिळेल तिच्यातून. पाचांतही चकती एकाच पाटीची, गोंद एकच, भोकं सारखी ठेवा. बदला फक्त चकती आणि साउंडबोर्ड यांमधलं अंतर, एका वेळी अर्धा मिलिमीटर. प्रत्येकाच्या बुडावर शिसपेन्सिलीने ते अंतर लिहा. पाचही पॉट एकाच स्ट्रायकरने, एकाच दिवशी, आकडे न पाहता वाजवा आणि दुसऱ्या कुणालाही ऐकवा. ते होईपर्यंत नवीन लाकूड विकत आणू नका.